यादीतलं बरंचसं झालं, आता पुढचं कसं ठरवायचं?

सोनचाफा (ठाणे)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. माझं वय 46, सरकारी नोकरी, नवरा खाजगी कंपनीत, मुलगी यंदा बारावी होऊन पुण्याला कॉलेजला गेली. नोकरीला लागले तेव्हा मी एका वहीत आयुष्यात काय काय करायचंय ते लिहून ठेवलं होतं, तेव्हा ते वाचून कुणीही म्हटलं असतं की हिला एवढं कुठून जमणार. नोकरीत कायम होणं, धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग पूर्ण करून देणं, स्वतःचा फ्लॅट, आईबाबांना काशी, गाडी चालवायला शिकणं, पेटी शिकणं, कळसूबाई चढणं, अशी सगळी सरमिसळ यादी.

आता त्यातलं पेटी आणि कळसूबाई सोडून सगळं झालंय. भाऊ मार्गी लागला, आईबाबा काशीला जाऊन आले, आणि मागच्या महिन्यात फ्लॅटचा शेवटचा हप्ता गेला. वीस वर्षांचं लोन, मधे मधे जादा पैसे भरून लवकर संपवलं. पण खरं सांगते, शेवटचा हप्ता गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी भाजीला फोडणी देत होते, नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला चला सुटलो एकदाचे, आणि आम्ही जेवायला बसलो. बस्स. ज्या एका गोष्टीसाठी इतकी वर्षं नवीन साडी घेताना सुद्धा दोनदा विचार केला ती संपली आणि मनात काहीच हललं नाही, उलट दुसऱ्या दिवसापासून एक रिकामपण आलंय. दुःख नाहीये, तक्रार पण नाहीये, पण सकाळी उठल्यावर कशाच्या तरी मागे असायची सवय होती ती सुटेना.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे तुम्ही चाळिशी-पंचेचाळिशीनंतर नवीन काय करायचं हे कसं ठरवलंत? आणि दुसरं, जे करून झालंय त्याकडे कधी मागे वळून बघता का, आणि बघता म्हणजे नक्की काय करता? मैत्रिणी म्हणतात आता मजा कर, पण ते एवढं सोपं असतं का.

जुना_कॅशियर (सांगली)

ताई, आधी मनापासून अभिनंदन. मी बँकेत सगळी नोकरी केली, शेवटची काही वर्षं लोन विभागात होतो, त्यामुळे तुमचा पहिला परिच्छेद वाचताना दुसरा वाचायच्या आधीच मला एकच विचारावंसं वाटलं, कागद हातात आले का? कारण लोकांना वाटतं शेवटचा हप्ता गेला की कर्ज संपलं, तसं नसतं. खात्यावर बाकी शून्य झाली एवढंच झालेलं असतं.

बँकेकडून नो ड्यूज म्हणजे बाकी नसल्याचा दाखला घ्या. मूळ अ‍ॅग्रीमेंट, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, बिल्डरची पत्रं, जे जे कर्ज घेताना जमा केलं होतं त्याची यादी तेव्हा दिलेली असते, ती समोर ठेवून एक एक कागद मोजून घ्या, पानं सुद्धा उलटून बघा. सेरसाई नावाची केंद्रीय नोंदणी असते, तिथे तुमच्या फ्लॅटवर बँकेचा बोजा चढवलेला असतो तो उतरवून घ्यायचा. सोसायटीच्या दप्तरी बँकेचं नाव लावलेलं असेल तर दाखला देऊन तेही काढून घ्या, आणि दीड-दोन महिन्यांनी सिबिल रिपोर्ट काढून त्यात खातं बंद दिसतंय का बघा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, 1 डिसेंबर 2023 पासून लागू, की पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, बँकेच्या बाजूने उशीर झाला तर दर दिवसाला 5000 रुपये भरपाई ग्राहकाला. हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं.

आता तुम्ही म्हणाल मी आयुष्याचं विचारलं आणि हे काका कागदांचं सांगतायत. पण मी काउंटरच्या आतून बघितलंय ना, हप्ता संपल्याच्या मेसेजने कुणाचाच चेहरा बदलत नाही, फाइल हातात आली की बदलतो. एक जोडपं आलं होतं, दोघं गिरणगावातले, त्या बाईंनी अ‍ॅग्रीमेंटवरची आपली वीस वर्षांपूर्वीची सही बोटाने चाचपून बघितली आणि नवऱ्याला म्हणाल्या, तेव्हा मला इंग्रजीत सही येत नव्हती. मग तिथेच खुर्चीवर दोघं बराच वेळ बोलत बसले, कुठून कुठून पैसे उभे केले होते, कोणाकडून उसने घेतले होते. लंच टाइम होत आला होता तरी मी काही त्यांना उठवलं नाही. तुम्ही दोघं मिळून जा, एकट्या जाऊ नका, आणि त्या दिवशी रजा टाका.

यवतेश्वर_घाट (सातारा)

ताई तुम्ही जे रिकामपण म्हणताय ते पळणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. आमच्याकडे सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते, 21 किलोमीटर, गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि कासच्या रस्त्यावरून फिरून परत तोच घाट उतरायचा. लोकांना वाटतं चढ अवघड, पण खरी वाट लागते ती उतारावर, मांड्या भरून येतात. त्याच्यासाठी चार-पाच महिने सकाळी पाचला उठायचं, तेलकट बंद, लग्नाच्या पंगतीत पण हात आखडता. आणि रेस झाली की सोमवारी सकाळी पाचला जाग येते आणि कळत नाही की आता उठून करायचं काय. ग्रुपमधले निम्मे लोक त्याच दिवशी मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या गप्पा सुरू करतात, म्हणजे मेडल अजून गळ्यात आणि डोकं पुढच्या रेसमध्ये.

आमच्या कोचने एक शिस्त लावलीये, रेसनंतर निदान पंधरा दिवस कुठल्याही नवीन रेसचं नाव काढायचं नाही. त्या पंधरा दिवसांत प्रत्येकाने लिहून काढायचं, टायमिंग नाही हां, ते सगळ्यांना माहितीच असतं, तर ट्रेनिंगमधला कुठला दिवस सगळ्यात जड गेला आणि त्या दिवशी कुणामुळे बाहेर पडलो. मी पहिल्यांदा लिहायला बसलो तेव्हा कळलं की माझ्या प्रत्येक जड दिवसात एकच नाव येतंय, माझ्या आईचं, कारण ती माझ्या आधी उठून चहा ठेवायची आणि चहा झाला म्हटल्यावर माणूस परत झोपत नाही. हे मला रेस पळताना कधी सुचलं नव्हतं.

अजून एक सांगतो. आमच्या ग्रुपमधले एक काका दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सला गेले होते. डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधली रेस, जवळजवळ नव्वद किलोमीटर, आणि बारा तासांची मुदत. बारा तास झाले की गोळी झाडतात आणि फिनिश लाइन बंद, मग तुम्ही दोन पावलांवर असलात तरी नाही. काका नाही बसले वेळेत. मेडल नाही, यादीत नाव नाही. परत आल्यावर त्यांनी सगळ्या ग्रुपला घरी जेवायला बोलावलं, आम्हाला वाटलं सांत्वन करायला जायचंय, तर घरात सगळा उत्साह. त्यांनी नकाशा काढून आम्हाला किलोमीटर-किलोमीटरने सगळी रेस सांगितली, कुठे कुणी पाणी दिलं, कुठल्या चढावर कोण अनोळखी माणूस बरोबर चालला. मला तोपर्यंत वाटायचं मागे वळून बघणं हे जिंकलेल्यांचं काम, त्या रात्री डोकं साफ झालं. तुम्ही तर सगळं पूर्ण केलंय ताई, मग एवढ्या गुपचूप कशाला, बोलवा लोकांना घरी!

जास्वंदी_इचल (इचलकरंजी)

तुझी यादी परत वाच ग, अगंतुगं केलं तर चालेल ना, मी तुझ्याहून मोठी आहे. भावाचं शिक्षण, आईबाबांची काशी, फ्लॅट सगळ्यांचा. हे सगळं तूच केलंस आणि ते मोठंच आहे, त्यात मी काही कमी करत नाही, पण शिल्लक काय राहिलं बघ. पेटी आणि कळसूबाई. जे फक्त तुझं होतं तेवढंच राहिलं. आपल्या बायकांच्या याद्यांमध्ये हे असंच होतं, आपली ओळ खाली खाली सरकत जाते आणि ती कुणी सरकवलेली नसते, आपणच म्हणतो आधी हे होऊदे.

माझं सांगते. बारावी झाली आणि लग्न झालं, घरात यंत्रमाग, सासरी मोठं कुटुंब. शिकायचं राहिलं म्हणून मी रडत वगैरे बसले नाही कारण वेळच नव्हता. मुलं मोठी झाल्यावर एकीने सांगितलं की नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासून चालू आहे, त्याचं अभ्यासकेंद्र आपल्या जवळच आहे, रविवारी संपर्कसत्र असतं, वयाची अट नाही. मी बीएला नाव घातलं. पहिल्या रविवारी गेले तर वर्गात एक एसटीचे कंडक्टर, दोन अंगणवाडीच्या ताई, एक पोलिस आणि त्यांची मुलगी, दोघं एकाच बाकावर! समंत्रक सर माझ्या धाकट्या दिरापेक्षा लहान. घरी रात्री माग बंद झाला की जी शांतता होते ना, त्यात मी स्वाध्याय लिहायचे, तोवर त्या घरात इतकी शांतता असते हे मला माहितीच नव्हतं कारण मी त्या वेळेला झोपलेली असायचे.

पदवी मिळाली. तिचा नोकरीला काही उपयोग झाला नाही, मी नोकरी करतच नाही. पण आता घरात काही कागद आला, जीएसटीचं असो की सोसायटीची नोटीस, सगळे मला देतात वाच म्हणून, आणि मी वाचून दोन प्रश्न विचारते. पूर्वी मी विचारत नव्हते. तू विचारलंस ना मागे बघता म्हणजे काय करता, तर मी हे बघते, की पूर्वी मी काय करत नव्हते जे आता करते. सर्टिफिकेट कपाटात आहे, ते मी वर्ष-वर्ष काढत नाही.

पेटीचा क्लास लाव. उद्या.

नेकारकाठ (स्टुटगार्ट)

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. तुम्ही सगळे ताईंना पुढचं काहीतरी द्यायची घाई करताय असं मला वाटतंय. त्यांनी विचारलंय नवीन कसं ठरवायचं, पण त्याआधी हे का नाही विचारायचं की लगेच ठरवायलाच हवं का?

मी इथे वाहन उद्योगात आहे, जर्मनीत येऊन बरीच वर्षं झाली. ऑफिसमध्ये दर वर्षी मॅनेजरसमोर बसून उद्दिष्टं लिहायची, मोजता येतील अशी, तारखेसकट, आणि वर्षअखेरीला किती टक्के झालं ते भरायचं. कामासाठी ते ठीक आहे, गाडीचा पार्ट वेळेत निघायला पाहिजे. पण मी हळूहळू घरी पण तसाच विचार करायला लागलो. जर्मन भाषेची बी टू परीक्षा, मग सी वन, मग नागरिकत्वाचा विचार, मग घर. मुलाशी मराठी बोलायचं हे पण मी आठवड्याला किती वाचलं असं मोजायला लागलो होतो. बायकोने एक दिवस सरळ सांगितलं की मुलगा तुझ्याबरोबर मराठी पुस्तक वाचायला कंटाळतो कारण तू पानं मोजतोस. तेव्हापासून मी तेवढं एक मोजायचं थांबवलंय, आता आम्ही रविवारी पोहे करतो, तो कांदा चिरतो आणि जे काय बोलणं होईल ते मराठीत. त्याची मराठी सुधारली का हे मी तपासत नाही.

म्हणून म्हणतो, काही महिने यादीशिवाय काढून बघा. इथे लोक नोकरीतून सुट्टी घेऊन नुसतं चालायला जातात, कुठे पोचायचं ते ठरवतात पण त्यातून काय मिळवायचं ते नाही. रिकामपण आलंय तर राहूदे की थोडं.

यवतेश्वर_घाट (सातारा)

@नेकारकाठ दादा, पोह्यांचं पटलं, पण "काही महिने" हे सगळ्यांना मानवत नाही. माझ्या वडिलांनी रिटायर झाल्यावर असंच केलं, आधी आराम म्हणाले, आणि सहा महिन्यांत माणूस सोफ्यावरून उठेना. ज्याला सवय आहे मागे लागायची त्याला छोटं का होईना काहीतरी हाताशी हवं. मी पंधरा दिवस म्हटलं ते त्यासाठीच, मोकळं सोडायचं पण किती ते माहीत पाहिजे.

मुरुडचे_गुरुजी (दापोली)

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त. आमच्या दापोली तालुक्यातलं मुरुड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. आम्ही मुलांना दर वर्षी त्यांचं चरित्र सांगायचो आणि दर वर्षी ते मुलांच्या बाजूने सांगायचो, म्हणजे लहानपणी किती चालत गेले, किती कष्ट केले. पण मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर तेच चरित्र मला वेगळं दिसायला लागलं, वर्षं नीट बघितल्यावर.

जन्म 1858. 1893 मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, गावाने बहिष्कार घातला. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते तिथून 1914 ला निवृत्त झाले. इथपर्यंतच एखाद्याचं आयुष्य भरून पावलं असतं. पण महिला विद्यापीठ त्यांनी 1916 मध्ये काढलं, म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आपल्याकडे सरकारी नोकर ज्या वयात सत्काराची शाल घेऊन घरी येतो त्या वयात. त्यानंतर 1936 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं. 1958 ला भारतरत्न मिळालं तेव्हा शंभर वर्षांचे होते.

हे सांगून मला ताईंवर दडपण आणायचं नाही, कर्वे एकच होतात. मला त्यात जी गोष्ट दिसली ती अशी, की त्यांचं प्रत्येक पुढचं काम आधीच्या कामातून निघालेलं आहे. स्वतः विधवेशी लग्न केलं, मग कळलं की एका लग्नाने काही होत नाही, बाकीच्यांना निवारा पाहिजे, म्हणून आश्रम. आश्रमातल्या मुलींना शिकवता शिकवता वाटलं यांना पुढचं शिक्षण पाहिजे, म्हणून विद्यापीठ. त्यांनी कोरा कागद घेऊन आता काय करू असं केलेलं दिसत नाही, झालेल्या कामात जे अपुरं राहिलं तिथून पुढचं धरलं. ताई, तुम्ही भावाचं शिक्षण केलंत. तुमच्या यादीत मला तरी सगळ्यात मोठी ओळ तीच वाटते. फी कशी भरायची, स्कॉलरशिपचे फॉर्म, जातीचे दाखले, हॉस्टेल, हे सगळं तुम्हाला माहीत झालं असणार, आणि हे माहीत नसल्यामुळे शिक्षण सुटलेली मुलं मी डोळ्यांनी बघितली आहेत. आमच्या शाळेतली एक हुशार मुलगी फक्त उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळाल्याने एक वर्ष घरी बसली होती, आणि तिच्या घरात तहसील कचेरीत जाऊन विचारणारं कुणी नव्हतं. तुमच्या ऑफिसातल्या शिपायाची, तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनची मुलं दहावी-बारावीला असतील. त्यांच्याबरोबर एक दिवस बसलात तरी खूप आहे.

आणि ते झाल्यावर पेटी शिकाच.

बालाघाट (बीड)

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय, पण एक बाजू राहिली म्हणून लिहितोय. ज्यांचं झालं नाही त्यांनी मागे वळून कसं बघायचं?

मी एमपीएससी करत होतो, पुण्याला नवी पेठेत. अभ्यासिकेतली एक खुर्ची, मेसचा डबा, कॉट बेसिसवर रूम. राज्यसेवेची पूर्व निघायची, मुख्य निघायची, मुलाखतीपर्यंत गेलो, काही मार्कांनी राहिलो. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा 38 आहे, त्यामुळे कुणी थांबवत नाही, वर्षामागून वर्ष देत राहता येतं आणि हीच त्याची खरी अडचण आहे. गावाकडे वडील दर पोळ्याला विचारायचे यंदा का रे, आणि मग विचारायचे थांबले, ते थांबले तेव्हा मला जास्त लागलं.

मी सोडायचं कसं ठरवलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बरं. एका सिनियरने सांगितलं होतं की बाहेर पडायची तारीख परीक्षेच्या आधी ठरव, निकालानंतर नाही, कारण निकालानंतर माणूस मार्क बघून ठरवतो आणि थोडक्यात गेलं की परत बसतो. मी तसं केलं. कागदावर तारीख लिहून मोठ्या बहिणीकडे दिली. निकाल आला, झालं नाही, बहिणीने तो कागद दाखवला, मी रूम सोडली. निघताना अभ्यासिकेतल्या सगळ्या पोरांना चहा पाजला, नोट्स एका तयारी करणाऱ्या मुलीला दिल्या, खुर्चीवर चिकटवलेलं माझं नाव स्वतः काढलं. हे करणं गरजेचं होतं. काही मित्र नुसतेच निघून गेले आणि त्यांचं आजपर्यंत संपलेलं नाही, अजून रात्री पेपर सोडवतात.

आता गावात माझं दूध संकलन केंद्र आहे. अनुदानाची योजना आली की जीआर पूर्ण वाचून लोकांना मी समजावून सांगतो, ग्रामसभेत कायद्याचं कलम बोलतो, ते सगळं त्या खुर्चीवरचंच आहे. जास्वंदी ताईंनी कागद वाचायचं लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला, अगदी तेच. पोस्ट मिळाली नाही ती नाहीच मिळाली, त्याचं वाईट वाटतं आणि वाटत राहील. पण ती वर्षं वाया गेली असं आता माझ्यासमोर कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही.

सोनचाफा ताई, गुरुजींनी जे सांगितलंय ते करा. दाखल्यांचं सांगणारं माणूस गावात असतं तर माझ्याबरोबरची अर्धी पोरं पुढे गेली असती.

सोनचाफा (ठाणे)

काय लिहू, तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. दोन दिवस रोज रात्री परत परत वाचतेय, नवऱ्याला पण वाचून दाखवलं. बँकेतल्या काकांचं वाचल्यावर तो लगेच उठून कर्जाची जुनी फाइल काढायला गेला, जमा केलेल्या कागदांची यादी सापडली, आम्ही दोघं येत्या गुरुवारी रजा टाकून जातोय. शाखेतून अजून फोन आलेला नव्हता, आता 30 दिवसांचं माहीत झालंय तर नीट विचारू.

यवतेश्वर, तू सांगितलंस तसं लिहायला बसले. फ्लॅटच्या वर्षांतला सगळ्यात जड काळ कुठला तर नवऱ्याची कंपनी बंद पडली होती तो. तेव्हा माझ्या जाऊबाईंनी स्वतःच्या पाटल्या मोडून हप्ते भरायला पैसे दिले होते. आम्ही ते नंतर परत केले, पण त्यांना कधी जेवायला बोलावून सांगितलं नाही की तुमच्यामुळे हे घर राहिलं. घराच्या कागदावर त्यांचं नाव कुठेच नाहीये. कागद घरी आले की पहिला फोन त्यांना करणार आहे, आणि सगळ्यांना बोलावणार आहे, भाऊ-वहिनी, आईबाबा, सगळे.

जास्वंदी ताई, तुमचं वाचून थोडं रडू आलं. क्लासला चौकशी केली, घराजवळच एक बाई शिकवतात. त्यांनी विचारलं गांधर्वच्या परीक्षा द्यायच्यात की नुसतं शिकायचंय, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत परीक्षा असतात म्हणे, वर्षातून दोनदा. माझी जुनी सवय, मी लगेच मनात विशारदपर्यंत किती वर्षं लागतील ते मोजायला लागले, मग नेकारकाठ यांचे पोहे आठवले. त्यांना सांगितलं, नुसतं शिकायचंय, परीक्षेचं पुढच्या वर्षी बघू.

गुरुजी, आमच्या वॉचमनचा मुलगा खरंच दहावीला आहे. तुम्हाला कसं कळलं देव जाणे. त्याला रविवारी आईला घेऊन ये म्हटलंय. आणि बालाघाट, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठीच मी त्याला या रविवारीच बोलावलं, नाहीतर दिवाळीनंतर बघू म्हणणार होते.

आता राहिलं कळसूबाई. गुडघा थोडा कुरकुरतो माझा. कुणी अलीकडे गेलंय का? ठाण्याहून कसं जायचं आणि कुठला महिना बरा?

भंडारदरा_पट्टा (अकोले)

ताई मी बारी गावाच्या जवळचाच. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, वाट बारीतूनच सुरू होते. ठाण्याहून कसारा लोकल धरा, पुढे कसाऱ्याहून शेअर गाडी करून घोटीमार्गे बारी, नाहीतर स्वतःची गाडी घेऊन या, तुम्ही चालवायला शिकलाच आहात. वर जायला निवांत गेलं तर तीन-साडेतीन तास धरा. मधे कड्याला लोखंडी शिड्या आहेत, मजबूत आहेत, पण पावसात निसरड्या होतात आणि जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे इतकी गर्दी असते की शिडीवर रांगेत उभं राहायला लागतं, गुडघा दुखणाऱ्या माणसाने तेव्हा येऊ नये. नवरात्रात वर देवीची यात्रा असते, तेव्हा आमच्या आदिवासी पट्ट्यातले लोक अनवाणी चढतात, बघण्यासारखं असतं पण गर्दी. तुम्ही दिवाळीनंतर या, नोव्हेंबर-डिसेंबर, मधल्या वारी. हवा स्वच्छ असते, वरून अलंग-मदन-कुलंग आणि भंडारदऱ्याचं पाणी दिसतं.

गुडघ्याचं म्हणाल तर चढताना काही होत नाही, उतरताना त्रास होतो, यवतेश्वरवाले दादा बरोबर बोललेत. दोन काठ्या घेऊन या, नसल्या तर गावात बांबूच्या मिळतात. आदल्या रात्री बारीत मुक्काम करा, घरगुती राहायची सोय आहे, भाकरी-पिठलं मिळतं, आणि पहाटे निघा म्हणजे ऊन चढायच्या आत वर असाल. महिनाभर आधीपासून बिल्डिंगचे जिने चढा-उतरा, उतरायचे जास्त. आणि जाऊबाईंना पण आणा, अर्ध्या वाटेवर टपरी असते, लिंबू सरबत मिळतं, कुणाला पुढे नाही जमलं तर तिथे बसता येतं.

सोनचाफा (ठाणे)

जाऊबाई हो म्हणाल्या! डिसेंबरचा पहिला आठवडा, मंगळवार-बुधवार. बारीत सहा जणांची राहायची सोय होईल का, त्यातले दोघं सत्तरीचे आहेत, ते चढणार नाहीत, खालीच थांबतील, त्यांना खाली झोपायला त्रास होतो तर कॉट मिळेल का तेवढं सांगा.

भंडारदरा_पट्टा (अकोले)

होईल. कॉट आहेत, गरम पाण्याचा बंब पण आहे. थंडी जोरात असते त्या दिवसांत, आईबाबांसाठी स्वेटर आणि कानटोपी नक्की आणा.